यंत्राला जोड

रामदासपेठ ही नागपुरांतील सीताबर्डीपलीकडची वस्ती. तेथील जुने बंगले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना त्यांतील सागवानी जिने आणि कठड्यांचे कातीव खांब आठवत असतील. वर निमुळता, मध्यें फुगीर, खालीं पुन्हां कंगोऱ्यांनीं आवळलेला असा प्रत्येक खांब कोणा कातारी कारागिराच्या हातून उतरलेला असे. त्या बंगल्यांपैकीं पुष्कळांच्या जागीं आतां उंच इमारती व दवाखाने आले आहेत. अशा इमारतींना लागणाऱ्या पाट्या, जाळ्या आणि दारांवरील नक्षी हल्लीं लहान लहान कारखान्यांतून एका निराळ्याच यंत्रावर कोरली जाते. त्या यंत्राचें नांव सी. एन. सी. राउटर.

सपाट मेजावर लांकडाची फळी घट्ट बसवावी, तिच्यावर वेगानें फिरणारें कटर असावें, आणि तें कटर मोटरांच्या साहाय्यानें लांबींत, रुंदींत व खोलींत संगणकानें सांगितलेल्या आंकड्यांबरहुकूम सरकत राहावें, एवढाच या यंत्राचा सारांश. फळीवर तें वेल, अक्षर, देवदेवतांच्या आकृति, कांहीं म्हणाल तें उठवितें. पण जुन्या जिन्याचा एक मोडका खांब आणून त्याच्यापुढें ठेवला आणि असेच दोन करून हवेत असें सांगितलें, कीं यंत्र अडून बसतें. कारण त्याचें जग सपाट आहे. अशा वेळीं मोठा कारखानदार अधिक आंसांचें नवें यंत्र घेतो. लहान कारखान्याच्या मालकाला तें परवडत नाहीं. तो एक जोड विकत आणतो किंवा स्वतःच घडवितो. एका टोकाला मोटर व चक, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक आणि दोहोंमध्यें आडवा धरलेला लांकडाचा ठोकळा, असें तिचें रूप असतें. ही जोड मेजावर बसली कीं सपाट यंत्राला गोल वस्तु कळूं लागते.

यंत्रांच्या इतिहासांत नवीन यंत्र काढणाऱ्यांचीं नांवें ठळक अक्षरांत लिहिलीं जातात. आहे त्याच यंत्राला कांहीं जोडून तें नव्या कामाला लावणाऱ्यांची गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. वास्तविक पाहतां लहान कारागीर मोठ्या भांडवलापुढें जो कांहीं तग धरून राहिला, तो बहुधा या दुसऱ्या वाटेनेंच राहिला.

आपल्याकडील कातारी ज्या साधनावर काम करीत असे, तें अगदीं साधें होतें. दोन खुंट्यांमध्यें लांकूड आडवें धरावयाचें, त्याला दोरीचे वेढे द्यावयाचे आणि सोबत्यानें त्या दोरीचीं दोन्ही टोकें आळीपाळीनें ओढावयाचीं. लांकूड एकदां पुढें फिरे, एकदां मागें. पुढें फिरतांना कातारी पटाशी टेंकवी. मागें फिरतांना हलकेच उचली. अर्धा वेळ कापण्यांत जाई, अर्धा वाट पाहण्यांत. हत्यार कारागिराच्या मुठींत असे आणि माप त्याच्या नजरेंत. चार खांब एकसारखे उतरले तर तें कसब. चाळीस उतरले तर त्या माणसाचें नांव पंचक्रोशींत होई.

हत्यार मुठींतून काढून यंत्राच्या अंगावर बसविण्याची कल्पना युरोपांत अठराव्या शतकांत रुजली. फ्रान्समध्यें जॅक द व्होकान्सन यानें १७५० च्या सुमारास सरकत्या हत्यारधरणीचा लेथ तयार केला. परंतु ही कल्पना कारखान्याच्या रोजच्या वापरांत आणण्याचें श्रेय बहुतेक इतिहासकार इंग्लंडच्या हेन्री मॉडस्ले याला देतात. हा मनुष्य जोसेफ ब्रामा या कुलुपें करणाऱ्या कारखानदाराकडे प्रमुख कारागीर होता. आठवड्याला तीस शिलिंग पगार होता. तो वाढवून मागितला, धन्यानें नाकारला, आणि १७९७ सालीं मॉडस्लेनें नोकरी सोडून स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. त्यानंतर थोड्याच काळांत त्यानें सरकती हत्यारधरणी आणि अचूक आट्यांचा स्क्रू यांची सांगड घालून लेथाला जें रूप दिलें तेंच थोड्याफार फरकानें पुढें जगभर चाललें. कर्नाटकांतील हरिहर येथें १९४१ सालीं किर्लोस्करांनीं यंत्रहत्यारांचा जो कारखाना काढला, त्यांत तयार होणारे लेथही याच घराण्यांतले. तीस शिलिंगांवर आणखी चार शिलिंग देण्याचें ब्रामाला सुचलें असतें तर काय झालें असतें, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

व्होकान्सनचें नांव येथें मुद्दाम घेतलें. कारण तोच मनुष्य लेथाप्रमाणेंच मागाच्याही मागें लागला होता, आणि आजच्या राउटरच्या अंगांतील अर्धी विद्या लेथाकडून आली असली तरी उरलेली अर्धी मागाकडून आली आहे. नक्षीचें कापड विणतांना ताण्याचे कोणते धागे केव्हां उचलावयाचे हें ठरवून दोऱ्या ओढण्यासाठीं विणकराजवळ एक पोरगा बसलेला असे. त्या पोराचें काम छिद्रें पाडलेल्या कागदावर सोंपविण्याचा प्रयत्न फ्रान्समध्यें १७२५ सालीं बुशों यानें केला, १७२८ सालीं फाल्कों यानें कागदाऐवजीं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ केली, १७४५ च्या सुमारास व्होकान्सननें त्यांत आपली भर घातली, आणि १८०४ सालीं लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड यानें या सर्वांचे धागे एकत्र जुळवून वापरण्याजोगें साधन सिद्ध केलें. पट्टींत छिद्र असेल तेथें सुई आरपार जाते व धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथें धागा खालींच राहतो. नक्षी आतां पोराच्या स्मरणांत न राहतां पुठ्ठ्यावर राहूं लागली. जकार्ड हा स्वतंत्र माग नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. ती जुन्याच मागाच्या डोक्यावर चढविलेली एक जोड आहे. माग तोच, विणकर तोच. गेला तो दोऱ्या ओढणारा पोरगा. त्याच्या पोटाचें पुढें काय झालें याची नोंद कोणी ठेवली नाहीं.

नागपूरकरांना या प्रकरणाची ओळख दुरून करून देण्याची गरज नाहीं. कोष्टी, हलबा व मोमीन विणकरांच्या हातमागांवर या शहराचे कित्येक मोहल्ले पोसले गेले. १ जानेवारी १८७७ या दिवशीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली, आणि एकाच शहरांत दोन रीती समोरासमोर उभ्या राहिल्या. गिरणीची रीत अशी, कीं जुनें यंत्र काढावें व नवें आणावें. लँकेशायरचे गिरणीवाले सूत कातण्याच्या जुन्या म्यूल यंत्राला चिकटून बसले होते, त्या वेळीं एम्प्रेस मिलनें रिंग-स्पिंडलची परीक्षा घेऊन तीं पुढें मोठ्या प्रमाणावर बसविलीं. ती दूरदृष्टि होती यांत संशय नाहीं. पण तिच्यापाठीमागें भांडवलही होतें.

विणकराजवळ भांडवल नव्हतें. त्याला गवसली ती दुसरी रीत. जॉन के या इंग्रजानें १७३३ सालीं धांवत्या धोट्याचा हक्क नोंदविला होता. जुन्या मागावर विणकर एका हातानें धोटा फेंकी व दुसऱ्या हातानें झेली. त्यामुळें कापडाचा पन्हा हाताच्या पोंचेइतकाच असे आणि मोठ्या पन्ह्याला दोन माणसें लागत. के यानें फणीच्या हात्याला दोन्ही टोकांना पेट्या बसविल्या आणि मधोमध एक दोरी सोडली. दोरीला झटका दिला कीं धोटा या पेटींतून त्या पेटींत आपण होऊन धांवे. हिंदुस्थानांत या साधनाचा खरा प्रसार झाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. सगळा माग बदलावा लागत नव्हता. हात्या तेवढा बदलला कीं काम सुमारें दुप्पट होई. जेथें साडीच्या काठाला निराळ्या रंगाचा बाणा लागे, तेथें मात्र हा धोटा सरसहा चालत नसे, आणि त्या कामाचे विणकर जुन्याच पद्धतीला धरून राहिले. सांगावयाचें तें एवढेंच, कीं गिरणीच्या भोंग्याच्या हाकेंत राहूनही हातमाग कित्येक दशकें चालला, त्यांत विणकराच्या पोटमारीचा वांटा होता तसाच या लांकडी पेट्यांचाही होता. कालाचा विनोद असा, कीं एम्प्रेस मिल २००२ सालीं कायमची बंद झाली आणि विदर्भांतील हातमागाची करवतकाठी साडी अजून विणली जात आहे.

नागपुराहून जवळच असलेल्या वर्ध्याच्या परिसरांत पुढें गांधीजी येऊन राहिले. त्यापूर्वींच, १९२९ सालीं, चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत दीडशें रुपयांच्या वर असूं नये. तें हातानें वा पायानें झोंपडींत चालावें. वीस वर्षें टिकावें. आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक होऊं नये. अर्थशास्त्राच्या कितीएक जाड ग्रंथांतून जें सांपडत नाहीं तें या अटींत आहे : यंत्राचा मालक कोण राहणार, हा प्रश्न त्यांत वेगाच्याही आधीं विचारलेला आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत तयार झालेला काळे यांचा चरखा या कसोटीला उतरण्यासाठीं आला होता. परंतु सर्वच अटी कोणाकडूनही पुऱ्या न झाल्यानें बक्षीस कोणालाच मिळालें नाहीं. पुढें १९५० नंतरच्या दशकांत तामिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा देशभर गेला, आणि त्यांत बसविलेल्या चात्या गिरणींतल्याच रिंग-पद्धतीच्या होत्या. गिरणीनें आणलेली वस्तु अशा रीतीनें फिरून झोंपडींत आली.

आतां राउटरच्या जन्माकडे वळावयाचें तर सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या मिशिगन प्रांतांत जावें लागतें. तेथें जॉन पार्सन्स या कारखानदाराकडे हेलिकॉप्टरच्या पात्यांचें काम होतें. पात्याची वक्र रेषा अचूक कापावयाची तर तिच्यावरील शेंकडों बिंदूंचे आंकडे काढावे लागत. त्यासाठीं त्यानें व त्याचा सहकारी फ्रँक स्टुलेन यानें छिद्रांच्या पट्ट्यांवर चालणारीं हिशेबाचीं यंत्रें कामाला लावलीं. पण आंकडे निघाले तरी ते कापणाऱ्या यंत्राला सांगावयाचे कसे? प्रारंभीं एक जण कोष्टकांतील आंकडे मोठ्यानें वाची आणि दुसरे दोघे यंत्राचीं दोन चाकें त्या आंकड्यांप्रमाणें फिरवीत. शाळेंतील पाढ्यांच्या परवचेसारखा हा प्रकार मोठा गंमतीचा दिसत असावा. तथापि त्यांतूनच पुढील सर्व निघालें. १९४९ सालीं अमेरिकन वायुदलानें या कामाला पैसा दिला. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेकडे तें सोंपविण्यांत आलें, आणि सप्टेंबर १९५२ मध्यें तीन दिशांनीं एकाच वेळीं आंकड्यांवरून चालणारें यंत्र लोकांना दाखविण्यांत आलें.

हें जगांतील पहिलें संख्यानियंत्रित यंत्र समजलें जातें. पण तें नवें घडविलेलें नव्हतेंच. सिन्सिनाटी कंपनीचें हायड्रोटेल नांवाचें मिलिंग यंत्र बाजारांत होतें. त्यांतलेंच एक घेऊन त्याचें जुनें नियंत्रण काढण्यांत आलें व त्याच्या जागीं नवें जोडण्यांत आलें. निर्वात नळ्या आणि रिले यांनीं भरलेलीं कपाटें शेजारीं उभीं राहिलीं, आणि त्यांत छिद्रांची फीत सरकूं लागली. मॉडस्लेच्या वंशांतील सरकत्या धरणीला जकार्डच्या वंशांतील छिद्रांची पट्टी येऊन मिळाली ती अशी. लेथ आणि माग या दोहोंवर हात चालविणाऱ्या व्होकान्सनला हा विवाह पाहून नवल वाटलें नसतें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९७१ सालीं सूक्ष्मप्रक्रियक बाजारांत आला आणि कपाटांतील नळ्यांचें काम नखाएवढ्या तुकड्यांत मावूं लागलें. २००५ सालीं इटलींतील इव्ह्रेया येथून अर्दुइनो नांवाची स्वस्त पाटी निघाली. २००९ सालीं सिमेन स्कॉग्सरुड या नॉर्वेच्या गृहस्थानें त्या पाटीवर चालणारा ‘ग्रबल’ नांवाचा नियंत्रक लिहून सर्वांना मोफत खुला केला. वायुदलाच्या खजिन्यांतून निघालेली विद्या साठ वर्षांच्या आंत सुताराच्या दुकानाच्या उंबऱ्याशीं येऊन उभी राहिली.

आणि तेथें ती सपाट फळीपाशीं अडली. म्हणून पुन्हां जोड आली. ही फिरत्या आंसाची जोड बसवितांना काय काय करावें लागतें तें पाहिलें, तर जुना कातारी किती गोष्टी न बोलतां करीत होता हें कळून येतें. पहिली अडचण उंचीची. ज्या कमानीवर कटर बसविलेलें असतें तिच्याखालून चक व ठोकळा जावयाचा, तेव्हां जाड खांब हवा असेल तर मेजाचा एक पट्टा काढून जोड खालीं उतरवावी लागते. दुसरी गोष्ट तारांची. पुष्कळ लहान यंत्रांत चौथ्या मोटरेची सोयच नसते. मग रुंदीच्या दिशेच्या मोटरेची तार काढून ती फिरत्या आंसाला लावतात आणि यंत्राची अशी समजूत करून देतात, कीं आपण अजून रुंदींतच सरकत आहोंत. ही तार वीज पूर्ण बंद केल्याशिवाय काढूं वा लावूं नये. चालू असतांना काढली तर मोटर चालविणारा भाग बहुधा जळतो.

मग हिशेब. तो त्रैराशिकाहून अवघड नाहीं. मोटर एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. नियंत्रक प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो. तेव्हां १,६०० झालीं. मधला पट्टा चकाला सहापट सावकाश फिरवीत असेल तर चकाच्या एका फेऱ्याला ९,६०० आणि एका अंशाला सुमारें २६.६७ पावलें पडतात. ६० मिलिमीटर व्यासाच्या खांबाचा परीघ सुमारें १८८.५ मिलिमीटर भरतो, म्हणजे एका अंशांत त्याचा पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक सरकतो. व्यास १०० मिलिमीटर असेल तर तोच सरक ०.८७ वर जातो. एकाच नक्षीची पट्टी बारीक खांबावर बरोबर बसते आणि जाड खांबावर ताणलेली दिसते, याचें कारण हेंच. कातारी हा फरक बोटांच्या पेरांनीं ओळखीत असे.

सर्वांत कठीण काम मात्र सूत साधण्याचें. चकाचें केंद्र आणि टेलस्टॉकचें केंद्र यांना जोडणारी रेषा यंत्राच्या लांबीच्या सरकीशीं समांतर हवी, वरून पाहतांही आणि बाजूनें पाहतांही. टेलस्टॉक अर्धा मिलिमीटर उंच राहिला तर त्या टोकाला खांबाचा व्यास एक मिलिमीटरानें बारीक उतरतो. आणि हा दोष संगणकाच्या पडद्यावर दिसत नाहीं, जिन्यावर शेजारीं शेजारीं उभ्या केलेल्या खांबांत दिसतो. खोलीचा शून्यबिंदूही आतां मेजाच्या पृष्ठावर नसून हवेंत, फिरत्या आंसाच्या मध्यावर असतो. तो बसविणें ज्याला जमतें तो बहुधा लेथावर हात बसलेला मनुष्य असतो, नुसता संगणक शिकलेला नव्हे.

या ठिकाणीं एक गोष्ट स्पष्ट बोलणें बरें. प्रत्येक जोडीनें मालकाला वांचविलें आणि शेजारच्या कोणाला तरी उठविलें. जकार्डनें दोऱ्या ओढणाऱ्या पोराला उठविलें. मोटर आली तेव्हां कातारीची दोरी ओढणारा सोबती गेला. आतां पाळी खुद्द कातारीची आहे. चाळीस खांब एकसारखे काढण्याचें जें कसब त्याला वीस वर्षांत साधलें, तें यंत्र पहिल्याच दिवशीं करून दाखवितें. ज्याचें सर्व कसब सारखेपणांतच होतें, त्याला यापुढें तेवढ्यावर मजुरी मिळणें कठीण. याला केवळ प्रगति म्हणून टाळ्या वाजविणें हें दुसऱ्याच्या ताटांतील भाकरी मोजण्यासारखें आहे. पण हेंही तितकेंच खरें, कीं जोड जर त्या कातारीच्याच दुकानांत बसली, तर खांबाची घडण कोणती, लांकडाची शीर कोणत्या अंगानें धरावयाची, गांठ कोठें टाळावयाची, हें सांगणारा तोच राहतो, आणि आलेला पैसाही त्याच्याच गल्ल्यांत पडतो. चरखा संघानें घातलेली दीडशें रुपयांची अट याच कारणासाठीं होती.

जोड बसविल्यावर शहाणे कारागीर सागवान लगेच चढवीत नाहींत. आधीं सरळ घांसलेली पोलादी कांब चक आणि टेलस्टॉक यांच्यामध्यें धरतात, कटराच्या जागीं डायल गेज बांधतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवीत कांटा पाहतात. कांटा हलला तर टेलस्टॉकचे बोल्ट सैल करून त्याच्याखालीं पितळी पत्र्याची पातळ कपटी सारतात. पुन्हां आवळतात, पुन्हां पाहतात. आवळतांना बोल्ट स्वतःच जोडीला बाजूला ओढतो, म्हणून हा खेळ कधीं कधीं अर्धा दिवस चालतो. कांटा स्थिर राहिला म्हणजे आंब्याच्या किंवा निलगिरीच्या स्वस्त लांकडाचा तुकडा चढवून त्याचा सरळ दांडा काढतात आणि दोन्ही टोकांना कॅलिपर लावून माप घेतात. मापें जुळलीं कीं मग जुन्या जिन्याचा मोडका खांब समोर ठेवून त्याच्या प्रत्येक कंगोऱ्याचा व्यास कागदावर उतरविण्यास बसतात.